उसनवारी, विडंबन आणि बाजार

१

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवी आणि व्यापारी यांना एकाच पंक्तीस बसविले आहे. चोरी न करणारा कवी सापडत नाही आणि चोरी न करणारा व्यापारीही सापडत नाही. ज्याला आपली चोरी झाकून ठेवता येते तो निंदेवाचून सुखाने नांदतो, असा त्याच्या विधानाचा आशय आहे. स्वतःच्या कुळाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध अभिमानाने सांगणाऱ्या या दहाव्या शतकातील मीमांसकाने हे विधान विनोदाने केले असेल असे मानण्याचे कारण नाही. ‘हरणा’चे, म्हणजे पूर्वसूरींच्या शब्दांच्या व अर्थांच्या उचलेचे, त्याने त्याच ग्रंथात सविस्तर वर्गीकरण केले आहे. कवी आणि व्यापारी यांची ही जोडी आज जाहिरातीच्या व्यवसायात एकाच व्यक्तीत एकवटलेली दिसते. जाहिरातीचा मजकूर लिहिणारा हा भाषेचा कारागीरही असतो आणि मालाचा विक्रेताही. त्यामुळे त्याने केलेल्या उसनवारीचा विचार कोणत्या कसोटीवर करावयाचा, काव्याच्या की व्यापाराच्या, हा प्रश्न समीक्षेला टाळता येण्यासारखा नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. एखादी सर्वपरिचित उक्ती, रचना वा रूपबंध घेऊन, त्यात थोडासा बदल करून, तो विक्रीसाठी वापरला जातो तेव्हा त्याला ‘विडंबन’ म्हणता येईल काय? आणि म्हणता येत नसेल, तर विडंबनातले नेमके काय तेथे हरवलेले असते?

सर्वप्रथम तीन संज्ञा वेगळ्या केल्या पाहिजेत. ‘उचलेगिरी’ ही मुळाची ओळख लपविते. ‘विडंबन’ मुळाची ओळख पटावी असाच आग्रह धरते. वाचकाला मूळ ठाऊक नसेल तर विडंबन निष्फळ ठरते. ‘उसनवारी’ हा शब्द मराठीत या दोहोंच्या मधला आहे आणि त्याच्या अर्थात एक सामाजिक करार अनुस्यूत आहे. शेजाऱ्याकडून उसनी आणलेली वाटीभर साखर परत करावयाची असते, आणि ती तशीच, निदान तेवढीच, परत करावयाची असते. मराठी समीक्षेने या शब्दातील परतफेडीच्या छटेकडे फारसे लक्ष दिलेले नाही. ती छटा पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

२

मराठी वाङ्मयातील उसनवारीची परंपरा समृद्ध आहे आणि ती प्रचाराच्या, म्हणजे लोकांपर्यंत काही पोहोचविण्याच्या, हेतूशी पहिल्यापासून बांधलेली आहे. एकनाथांच्या भारुडांत वासुदेव, गोंधळ, जोगवा यांसारखे लोकाविष्कार तर आहेतच. पण त्याखेरीज अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र अशा तत्कालीन राज्यकारभारातील लेखनप्रकारांचे रूपबंधही त्यांनी उचलले आहेत. देहाला परगणा कल्पून, जीवाला त्यावरील अंमलदार ठरवून, विकारांना बेमुर्वत हाताखालचे नोकर करून, फारसीमिश्रित दफ्तरी भाषेत परमेश्वराच्या दरबारी कैफियत मांडावयाची, ही कल्पना सोळाव्या शतकातील श्रोत्याला तत्काळ ओळखू येणारी होती. ज्या भाषेने त्याच्याकडून सारा वसूल केला जात होता तीच भाषा आता त्याला आत्मपरीक्षण करावयास सांगत होती.

येथे दोन गोष्टी एकदम घडतात. दफ्तरी भाषेचा धाक भक्तीच्या कामी जुंपला जातो. त्याच वेळी त्या धाकाचा पोकळपणाही उघडा पडतो, कारण खरा धनी वेगळाच आहे हे श्रोत्याला कळते. भारूड ऐकून घरी गेलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी खरोखरीचे ताकीदपत्र पडले, तर ते त्याला पूर्वीसारखेच वाटले असेल काय? मुळाकडे पाहण्याची दृष्टी बदलणे हीच विडंबनाची परतफेड होय. उसना घेतलेला आकार परत केला जातो, पण परत येताना तो अर्थाने भारलेला असतो.

सोलापूरच्या रामजोशींचे उदाहरण निराळ्या कारणासाठी घेता येईल. शास्त्राध्ययनाची पार्श्वभूमी असलेल्या या शाहिराने लावणी आपलीशी केली आणि पुढे कीर्तनाच्या रंगणात मोरोपंतांच्या आर्या आणल्या. मोरोपंतांची पंडिती रचना सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचविण्यात रामजोशींच्या कीर्तनांचा मोठा वाटा होता, हे मराठी वाङ्मयेतिहासाने मान्य केलेले आहे. येथे विडंबन नाही, उपहास नाही; निखळ उसनवारी आहे, तीही कर्त्याचे नाव सांगून केलेली. रामजोशींना बिदागी मिळाली असेल. परंतु मोरोपंतांना श्रोते मिळाले. देणाऱ्याचेही भांडवल वाढले. म्हणून उसनवारीत पैशाचा व्यवहार आला की ती भ्रष्ट होते, हे सोपे नैतिक सूत्र आपल्याला सोडून द्यावे लागते. कीर्तनालाही बाजार होता, तमाशालाही होता.

सत्यशोधक जलशांनी याच साधनाला धार लावली. महात्मा फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार गावोगावी नेणाऱ्या या जलशांनी तमाशाचा सांगाडा, म्हणजे गण, गौळण, बतावणी आणि वग ही चौकट, जवळजवळ जशीच्या तशी उचलली. प्रेक्षकाला आपण काय पाहावयास बसलो आहोत हे ठाऊक होते. पण परिचित जागी अपरिचित आशय येत होता. नमनाच्या जागी आलेला नवा आशय श्रोत्याला विचारात पाडत असे. पुढे आंबेडकरी जलशांनी हीच रीत चालविली. या परंपरेत रूपबंधाची ओळख हे श्रोत्याला आत घेणारे दार असते. दारातून आत आल्यावर मात्र घर बदललेले असते.

३

आधुनिक मराठीत ‘विडंबन’ ही संज्ञा ज्यांच्यामुळे रूढ झाली त्या प्र. के. अत्रे यांचा ‘झेंडूची फुले’ हा संग्रह ‘केशवकुमार’ या नावाने १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या काव्यपद्धतीचा उपहास हा त्या संग्रहाचा एक ठळक विशेष. येथे एक बाब सहसा नजरेआड होते. रविकिरण मंडळाने काव्यगायनाच्या जाहीर कार्यक्रमांतून कविता श्रोत्यांपर्यंत नेली होती. म्हणजे कवितेच्या प्रसाराचे एक नवे तंत्रच रूढ केले होते. माधव जूलियनांनी फारसीतून गझल, रुबाई आदी प्रकार मराठीत आणले होते. तीही उसनवारीच होती. अत्र्यांचे विडंबन या अर्थाने उसनवारीची उसनवारी आहे. त्यांनी त्या कवितेचे वळण, तिचे शब्द, तिची हळवी मुद्रा उचलली, आणि ती अशा क्षुल्लक विषयांवर बसविली की वळण विषयापासून सुटे होऊन नुसतेच दिसू लागले. ‘हे वळण आहे, ही भावना नव्हे’ असे वाचकाला दाखविणे हा त्या विडंबनाचा समीक्षाव्यापार होता.

लिंडा हचिअन यांनी ‘अ थिअरी ऑफ पॅरडी’ (१९८५) या ग्रंथात विडंबनाची कल्पना चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरावृत्ती अशी मांडली, आणि त्यात उपहास असलाच पाहिजे अशी अट त्यांनी घातली नाही. त्यांची व्याख्या एकनाथांना आणि अत्र्यांना एकाच छत्राखाली आणते, हे तिचे सामर्थ्य. फ्रेडरिक जेमसन यांनी मात्र त्याच दशकात असा इशारा दिला की उत्तरकालीन भांडवलशाहीत विडंबनाची जागा हास्य गमावलेल्या, रोख गमावलेल्या अनुकरणाने घेतली आहे. जुन्या शैलींचे मुखवटे उरले आहेत, पण त्यांआडून कोणी बोलत नाही. या दोन भूमिकांपैकी एकीची निवड करण्याची घाई करू नये. प्रश्न असा विचारावा की दिलेल्या उदाहरणात अंतर आहे काय, आणि असल्यास ते कोणापासून आहे.

४

हे पाहण्यासाठी मराठी वाचकाला जवळचे असे एक उदाहरण आहे. अमूल लोण्याच्या जाहिरातीचे काम १९६६ साली सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्या संस्थेकडे आले आणि यूस्टेस फर्नांडिस यांनी रेखाटलेली ठिपक्यांच्या फ्रॉकमधील मुलगी मुंबईच्या रस्त्यांवरील फलकांवर दिसू लागली. या मोहिमेचे तंत्र जवळपास संपूर्णपणे उसनवारीचे आहे. चालू घटना, चित्रपटांची नावे, घोषणा, म्हणी यांत एखादे अक्षर बदलून त्यांना लोण्याच्या सेवेत आणावयाचे. हरे कृष्ण पंथाचा बोलबाला सुरू झाला तेव्हा त्या नामघोषाच्या चालीवर इंग्रजी ‘हरी’ म्हणजे ‘त्वरा करा’ हा श्लेष साधून ‘हरी अमूल, हरी हरी’ हा फलक आला.

गणेशोत्सवाच्या काळात याच मोहिमेने ‘गणपती बाप्पा मोर घ्या’ असा फलक लावला. तो हटविला नाही तर कार्यालयाची मोडतोड करू, अशी तंबी शिवसेनेकडून आल्याची हकीकत मोहिमेच्या कर्त्यांनीच पुढे सांगितली. तंबीचे समर्थन करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शब्दाला शब्दानेच उत्तर द्यावे. परंतु समीक्षकाने त्या फलकाची संहिता जवळून वाचली पाहिजे, कारण जी ओळ अपमानकारक ठरविली गेली तिच्यात अपमान कोठे आहे हे शोधू गेल्यास तो हाती लागत नाही.

‘मोरया’ या शब्दाचा संबंध परंपरेने चिंचवडच्या मोरया गोसावींशी जोडला जातो. म्हणजे देवाच्या जयघोषात भक्ताचे नाव मिसळलेले आहे. श्लेष साधण्यासाठी या नावाचे ‘मोर’ आणि ‘घ्या’ असे दोन तुकडे केले आहेत. त्यांपैकी पहिला इंग्रजी ‘अधिक’ या अर्थाचा, दुसरा मराठी आदरार्थी आज्ञार्थ. जयघोषाच्या पुढच्या ओळीत गणपतीला पुढच्या वर्षी लवकर येण्याची विनवणी ‘या’ अशा आदरार्थी रूपातच केली जाते, त्यामुळे ‘घ्या’ व्याकरणदृष्ट्या त्या घोषात चपखल बसते. शिवाय पाहुण्याला वाढताना आग्रहाने म्हटले जाते ते ‘घ्या’ हेच. अर्थात हा फलक देवाला नैवेद्य दाखवितो! लोणी ही खरे तर गौळणींतल्या कृष्णाची वस्तू. ती गणपतीपुढे ठेवण्यात थोडी गंमत आहे, पण अवहेलना नाही. देवाची थट्टा नाही, भक्ताची नाही, घोषाचीही नाही.

आणि नेमकी येथेच अडचण आहे. या रचनेत कोणाचीच थट्टा नाही. अत्र्यांच्या विडंबनाचे लक्ष्य मूळ कविता होती. एकनाथांच्या अर्जदस्ताचे लक्ष्य श्रोत्याचे मन होते आणि आडून दफ्तरी सत्ताही. येथे मूळ उक्ती लक्ष्यही नाही आणि आशयही नाही. ती केवळ वाहन आहे. फलक वाचणाऱ्याच्या मनात ‘हे मी ओळखले’ असा जो लहानसा आनंद उमटतो तोच उत्पादनाला चिकटविला जातो. ओळख हे दार राहत नाही, तीच विकावयाची वस्तू होते. याला ‘ओळखीचे भांडवल’ म्हणता येईल.

मग विरोध कशाला झाला? माझ्या मते तो जाणता-अजाणता एका वेगळ्याच गोष्टीला होता. ‘गणपती बाप्पा मोरया’ ही उक्ती कोणा एकाची नाही. मिरवणुकीत ती एक जण सुरू करतो आणि सारे पूर्ण करतात. तिला वक्ता नसतो, फक्त समूह असतो. फलकावर येताच तिला वक्ता मिळतो, त्याची सही मिळते, आणि ती सही एका व्यापारचिन्हाची असते. निनावी सामूहिक उक्तीचे नामांकित उक्तीत रूपांतर होते. भावना दुखावल्याची भाषा या अस्वस्थतेला पुरी पडत नाही. आणि तंबी तर तिचा विपर्यासच करते, कारण तंबी देणाराही त्या सामूहिक उक्तीवर आपली सही करू पाहत असतो.

याच मोहिमेतील दुसरे उदाहरण ताडून पाहावे. दाभोळच्या वीजप्रकल्पावरून १९९०च्या दशकात महाराष्ट्रात वादळ उठले असता, एन्रॉन या नावाचीच फोड करून ‘एन्र ऑन ऑर ऑफ’ असा फलक लागला. त्यावर कंपनीच्या रिबेका मार्क यांनी फलक आवडल्याचे पत्र पाठविले, असे मोहिमेचे कर्ते सांगतात. जिच्यावर बोट ठेवले गेले ती कंपनी प्रसन्न होते, आणि जिच्यावर ठेवलेच गेले नाही ती श्रद्धा दुखावते, हा विरोधाभास उद्बोधक आहे. कंपनीच्या दृष्टीने नाव पुन्हा उच्चारले जाणे हीच मिळकत. थट्टेनेही तिचे भांडवल वाढते. समूहाच्या घोषाला असे खातेच नसते. एन्रॉनवरील फलकात प्रकल्पाच्या दराविषयी, कराराविषयी, कोकणाविषयी काही म्हटले गेले नाही, आणि म्हणूनच तो सर्वांना आवडू शकला. लक्ष्यहीन विनोद निरुपद्रवी असतो. त्याचा निरुपद्रवीपणा हीच त्याच्या विक्रेयतेची अट असते.

५

कायदा या बाबतीत काय म्हणतो हे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण कायदा ही देखील उसनवारीविषयीची एक सैद्धांतिक भूमिकाच असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात समीक्षा व परीक्षण यांसाठी केलेल्या न्याय्य वापराला मुभा आहे. विडंबनाचा मात्र तेथे वेगळा उल्लेख नाही. म्हणजे विडंबनाला संरक्षण हवे असेल तर त्याने स्वतःला समीक्षा म्हणून सिद्ध केले पाहिजे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कल्पनेवर स्वामित्व नसते, अभिव्यक्तीवर असते, हे तत्त्व स्पष्ट केले. पेप्सी आणि कोका-कोला यांच्या वादात, प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीची आणि घोषवाक्याची नक्कल करणाऱ्या जाहिरातींना एकल न्यायमूर्तींनी मनाई नाकारली होती. २००३ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मात्र प्रतिस्पर्ध्याच्या मालाची बदनामी होते या मुद्द्यावर ती नक्कल रोखली. आपला माल उत्तम आहे असे म्हणावे, दुसऱ्याचा वाईट आहे असे म्हणू नये, हा त्याचा इत्यर्थ.

याचा वाङ्मयीन अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. जाहिरातीतील विडंबनाला जेव्हा खरोखर लक्ष्य असते तेव्हा बाजाराचा कायदा ते रोखतो; लक्ष्य नसते तेव्हा ते बिनबोभाट चालते. विडंबनाचा प्राण जी टीका, तीच तेथे निषिद्ध. मग जाहिरातीच्या वाट्याला नखे काढलेले विडंबनच येणार, यात नवल नाही.

सोलापूरची चादर याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. जॅकार्डचे तंत्र मूळचे फ्रान्सचे, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे. विणणारे हात बहुतांशी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाचे. आणि वस्तू मात्र सोलापूरची. उसनी कल्पना इतकी आपलीशी झाली की तिला गावाचे नाव मिळाले. १९९९च्या कायद्यानुसार सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या नावाच्या रक्षणासाठी. दुसरीकडे विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकणारा व्यापारी आणि ‘मोर घ्या’ लिहिणारा जाहिरातकार यांत फरक कोणता? पहिला म्हणतो, ‘हे तेच आहे’. त्याला ओळख पटू द्यावयाची नाही. दुसरा म्हणतो, ‘हे ते नाही, पण तुम्हाला ते आठवले ना?’ विडंबनकार तिसरेच विचारतो: ‘ते खरोखर तुम्ही समजत होता तसे आहे काय?’

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात काव्यांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि तुल्य देह असलेल्या दुसऱ्या जिवासारखे. पहिल्याला स्वतःचा आत्मा नसतो, दुसऱ्याचा तुच्छ असतो, म्हणून ते दोन्ही त्याज्य. तिसऱ्याला आपले चैतन्य असते, म्हणून तो ग्राह्य. नकली चादर हे प्रतिबिंब आहे. लक्ष्यहीन जाहिरात हे चित्र आहे: आकार हुबेहूब, रंगही मोहक, पण श्वास नाही. एकनाथांचे अर्जदस्त, जलशाचा गण, अत्र्यांची विडंबने हे दुसरे जीव आहेत. मुळासारखे दिसतात, पण स्वतंत्रपणे चालतात, आणि प्रसंगी मुळालाच जाब विचारतात.

६

यावर एक आक्षेप संभवतो. जाहिरात ही जाहिरात आहे. तिच्याकडे वाङ्मयाचे मानदंड घेऊन का जावे? तिने दोन घटका हसविले तर पुरे नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. अमूलच्या फलकांनी दशकानुदशके जे शब्दचातुर्य दाखविले, द्वैभाषिक श्लेषाची जी चटक शहरी वाचकाला लावली, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. ‘मोर घ्या’ हा श्लेष इंग्रजीत विचार करून मराठीत उतरविलेला नाही; तो दोन्ही भाषा एकाच जिभेवर नांदविणाऱ्या मुंबईकरालाच सुचू शकतो. अनुवादित, बेचव मराठी जाहिरातींच्या गर्दीत ही गोष्ट उठून दिसते.

तथापि प्रश्न एका फलकाचा नाही. म्हणी, घोष, ओव्या, गोंधळ, भारूड ही भाषेची गायराने आहेत. त्यांवर कोणाची मालकी नाही, म्हणून कोणीही तेथे गुरे चारावी हे योग्यच. परंतु गायरानातून चारा नेणाऱ्याने आपल्या गोठ्यावर मात्र व्यापारचिन्हाचे कुंपण घालावे, आणि त्याच्या चिन्हाची कोणी थट्टा केली तर न्यायालयात जावे, हा एकतर्फी व्यवहार आहे. लोकपरंपरेकडून घेताना कल्पनेवर स्वामित्व नाही हे तत्त्व पुढे येते. लोकांनी परत घेऊ म्हटले की अभिव्यक्तीवरील स्वामित्व पुढे येते. एकनाथांचा अर्जदस्त कोणीही गाऊ शकतो, जलशाच्या वगात कोणीही भर घालू शकतो. त्या उसनवारीने गायरान वाढले. बाजाराच्या उसनवारीने ते वाढते काय, ही तिची खरी कसोटी आहे.

म्हणून जाहिरातीची समीक्षा नीतिवाद्यांवर, विक्रीतज्ज्ञांवर किंवा तंबी देणाऱ्यांवर सोपवून चालणार नाही. ती संहिता आहे. तिचे वाचन भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकानेच केले पाहिजे. अशा प्रत्येक संहितेला तीन प्रश्न विचारावेत: मुळाची ओळख ती लपविते की मागते? तिला लक्ष्य आहे काय, आणि असल्यास कोणते? आणि वाचून झाल्यावर मूळ उक्ती आपल्याला पूर्वीपेक्षा अधिक जिवंत होऊन परत मिळते की अधिक झिजलेली? राजशेखराच्या म्हणण्याप्रमाणे कवी आणि व्यापारी हे दोघेही उचल करणारच. पण त्याने ज्या झाकण्याच्या कौशल्याची तारीफ केली त्याची आज गरज उरलेली नाही. आजची उचल भर रस्त्यात, दिव्यांच्या झगमगाटात होते. आता पाहावयाचे ते एवढेच, की घेतलेले परत कोण करतो.